बाळा घाडीचा डावा पाय

बाळा घाडीला तुम्ही पाहिलंय. ओळखणार नाही, पण पाहिलंय. मालिकेत नायक-नायिका हॉटेलात बसून भांडत असतात, तेव्हा त्यांच्या मागून एक माणूस कापडी पिशवी घेऊन जातो. तो बाळा. कोर्टाच्या पायऱ्या उतरणारा काळ्या कोटातला वकील, हॉस्पिटलात स्ट्रेचरला आडवा येणारा नातेवाईक, लग्नात अक्षता टाकून जेवायला निघालेला पाहुणा, सगळे बाळाच. अठ्ठावीस वर्षं तो दुसऱ्यांच्या गोष्टींच्या मागून चालत आला. त्यांच्या धंद्यात याला 'पासिंग' म्हणतात. पासिंग देणाऱ्याकडे कुणाचं लक्ष गेलं तर तो त्याचा दोष. कुणाचंच गेलं नाही, तर काम चोख झालं.

मी त्याची शेजारीण. नाव कुंदा, पण त्या नावानं हाक कुणी मारत नाही. पार्ल्याच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवल्यावर माणसाचं नाव 'बाई' एवढंच उरतं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर भावाच्या घरात अडगळ नको म्हणून दिंडोशीच्या या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर जागा घेतली. लांबलचक पॅसेज, त्यावर आठ दारं. सातवं माझं, आठवं बाळाचं. माझी जीभ तिखट आहे हे मला ठाऊक आहे, कुणी सांगायला नको. आणि 'शाब्बास' हा शब्द मी शाळेतही जपून वापरायचे. वाटेल त्याला दिला की त्याची किंमत जाते.

चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी बाळा माझ्या दारात येऊन उभा राहिला. हातात बायकोनं दिलेली कुळथाच्या पिठीची वाटी. ती वाटी म्हणजे निमित्त हे मी लगेच ओळखलं.

"बाई, अँबल म्हणजे काय हो?"

पूर्वी सेटवर सगळं हिंदीत चालायचं. 'ए चाचा, आराम से निकल', 'ए नीली शर्ट, भाग'. आता कॉलेजात सिनेमा शिकून आलेली मुलं आली, त्यांच्या तोंडात सगळं इंग्रजी. त्या दिवशी कुणीतरी बाळाला अँबल करायला सांगितलं. हा त्याचा संबंध ॲम्ब्युलन्सशी लावून जीव खाऊन पळाला. मागे प्रेमाचं दृश्य चाललेलं. सगळा सेट हसला.

"इतक्या वर्षांत मला कोणी हसलं नव्हतं, बाई," तो म्हणाला. "बघितलंच नव्हतं तर हसणार कुठून?"

मी त्याला आत घेतलं आणि शंभरपानी वही आणायला सांगितली. पन्नाशीच्या माणसाला मी पहिल्या दिवसापासून अरे-तुरे केलं. त्याची मुलगी जान्हवी माझ्याकडे शिकवणीला येऊन गेली होती, आता लग्न होऊन कांजूरमार्गला असते. तिच्यापेक्षा बाप हुशार निघाला.

वहीत इंग्रजी शब्द मी लिहायचे, अर्थ त्यानं आपल्या अक्षरात लिहायचा. शब्दकोशातला अर्थ नको, डोळ्यांनी पाहिलेला माणूस हवा, असा माझा नियम. वॉक म्हणजे चालणं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण स्ट्रोल? मी त्याला पार्ल्याचे पेन्शनर सांगितले. संध्याकाळी हात पाठीशी, पोहोचायचं कुठेच नाही. अँबल म्हणजे भाजीला निघालेला पण घरी परत जायची घाई नसलेला माणूस. स्ट्राइड म्हणजे बिल्डर रिकामा प्लॉट बघायला येतो तो, लांब ढांगा टाकत, जमीन आधीच आपली असल्यासारखा. शफल म्हणजे पाय न उचलता सपाता घासत जाणं. मग मी ट्रज हा शब्द लिहिला. थकलेल्या माणसाचं जड पावलांनी, मन नसताना, तरीही चालत राहणं, असं काहीतरी मी समजावत होते. बाळानं हात वर केला.

"हे माझे वडील," तो म्हणाला. "गिरणी बंद पडल्यावर रोज सकाळी फाटकापर्यंत जायचे. उघडली का बघायला. दोन वर्षं."

आणि त्यानं वहीत ट्रजच्या पुढे लिहिलं, 'बाबा'. मी ते खोडलं नाही.

त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला तो लिंप आणि हॉबल यांच्यात. दोन्ही लंगडणंच की, असा त्याचा वाद. मी त्याला पॅसेजमध्ये उभं केलं. म्हटलं, लिंप करणाऱ्याचा एक पाय शाबूत असतो. दुखऱ्या पायावर तो नुसता टेकतो न टेकतो आणि झटकन सगळं ओझं चांगल्या पायावर घेतो. हॉबलवाल्याची दोन्ही पायांची वाट लागलेली असते, तो तोकडी तोकडी पावलं टाकतो. बाळानं दोन्ही करून दाखवलं. बाकीच्या सात दारांतून सात बायका बघायला बाहेर आल्या. त्याची बायको वनमाला कपाळाला हात लावून म्हणाली, "बरा चलताहा तर लंगडूक शिकताहत! देव बघता हां वरसून."

मी तिला गप्प केलं. मला वाटलं, अडाणीपणा.

दीड वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी, एक फोड आला. साखर आधीपासून होती, तंबाखू तर गिरणीतल्या बापाकडून वारशानं आलेली. फोड फुटला आणि बुजेचना. पोटरीत गोळे यायचे. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि स्पष्ट सांगितलं, पायाला रक्त पुरेसं पोचत नाही, सहा आठवडे या पायावर अजिबात भार द्यायचा नाही. दिलात तर जखम आत जाईल आणि पाय काढावा लागेल. मी त्याच्या सोबत गेले होते. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"सहा आठवडे," बाळा रिक्षात म्हणाला. जन्मठेप झाल्यासारखा.

त्याचं कामाचं गणित मला तेव्हा कळलं. पासिंगवाल्यांना कामाला बोलावतो तो नितेश नावाचा कोऑर्डिनेटर. त्याच्या फोनमध्ये यादी. यादीतला माणूस दोन वेळा येत नाही म्हणाला की तिसरा फोन येत नाही. आणि पाय दुखतो असं कळलं तर पहिलाही येत नाही, कारण पासिंगवाल्याकडे विकायला असतं काय? चेहरा नाही, आवाज नाही. नुसती चाल. लंगडा माणूस मागून गेला की बघणाऱ्याची नजर नायिकेवरून उडून त्याच्यावर जाते. बाळाच्या बरोबरीचा एक माणूस होता, गुडघा गेला तेव्हा त्याला सगळे 'बरा होऊन ये रे' म्हणाले. तो बरा होऊन गेला, तेव्हा त्याच्या जागी चार नवे उभे होते.

मी म्हटलं, "अरे, मी आहे ना. माझं पेन्शन आहे, मला एकटीला किती लागतं?" त्यानं असं बघितलं की मी वाक्य तिथेच गिळलं. वनमालेनं दुसरं काम बघ म्हणून डोकं आपटलं. त्यानं बघितलंही. वॉचमनचं काम म्हणजे बारा तास उभं राहणं, आणि तिथंही चालून दाखव म्हणतातच.

मग तो माझ्याकडे आला. संध्याकाळची वेळ, मी तुळशीला दिवा लावत होते.

"बाई, तुम्ही मला सगळं चालायला शिकवलंत. आता साधं चालायला शिकवा."

नाही म्हणायला हवं होतं. डॉक्टरांचं वाक्य माझ्या कानात होतं. पण त्याचा चेहरा पाहिला आणि मला वाटलं, नाही म्हटलं तरी हा जाणारच, पहिल्याच दिवशी पकडला जाईल आणि पाय आणि काम दोन्ही घालवेल. निदान एक तरी वाचू दे. माणूस स्वतःला फसवतो तेव्हा किती शहाण्यासारखा विचार करतो!

मी दाराशी खुर्ची टाकून डोळे मिटून बसायचे. तो पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. लंगडणं डोळ्यांना कळायच्या आधी कानाला कळतं. एक पाऊल मोठं वाजतं, एक हलकं. मी फुटपट्टीनं खुर्चीच्या हातावर ताल धरायचे आणि ओरडायचे, "उजवा आवाज कमी. परत." तो परत जायचा. "उजवा लवकर उचलतोस. परत." त्यानं बुटात कापसाची घडी घातली, जखमेपुरतं भोक पाडून. तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी मला दोन्ही पावलं सारखी ऐकू आली. एक-दोन, एक-दोन, घड्याळासारखी. मी डोळे उघडले. तो पॅसेजच्या टोकाला भिंतीला धरून उभा होता, घामानं निथळत, ओठ दाताखाली.

"शाब्बास," मी म्हटलं.

त्याचा चेहरा फुलला. त्या शब्दाची मला आजही लाज वाटते.

वर्षभर त्यानं तसं काढलं. दिवसभर सेटवर सरळ चालायचा, वसाहतीच्या फाटकाशी रिक्षातून उतरला की लंगडायला मोकळा. जखम कधी जरा सुकायची, कधी वाहायची. वनमाला रोज संध्याकाळी परातीत कोमट पाणी घेऊन बसायची आणि मोजा सोडवताना तोंड फिरवायची. "बाई, तुम्हीच सांगा ह्यांका," ती म्हणायची. "माझा कोण आयकता?" "तू गप ऱ्हव गो," तो म्हणायचा. "माका काय झाला नाय."

यंदा होळीनंतर नितेशचा फोन आला. आठ दिवसांचं काम. पासिंग नाही, कॅरेक्टर! एका वेब सिरीजमध्ये बंगल्याचा वॉचमन. बोलायला दोन वाक्यं. नायिका येते-जाते तेव्हा फाटक उघडायचं आणि शेवटी तिला पळवून नेणाऱ्या गाडीमागे धावायचं. वॉचमन लंगडा आहे.

बाळानं ही बातमी पॅसेजभर सांगितली. मला तर हसूच आलं. म्हटलं, "देवानं बघितलं रे तुझ्याकडे. आता लपवायला नको. आठ दिवस पाहिजे तसा लंगड, उलट कौतुक होईल." तोही हसला. त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी निवांत झोप लागली.

शूटिंग नेमकं पार्ल्यात होतं. आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत एक जुना बंगला आहे, पाडायचा म्हणून रिकामा केलेला. तोवर शूटिंगला भाड्यानं देतात. तिसऱ्या दिवशी मी भावाकडे गेले होते, सहज तिकडे वळले. दोरीपाशी बघ्यांची गर्दी होती, तिच्यात उभी राहिले. फाटकाशी खाकी कपड्यांत बाळा. गाडीचा हॉर्न वाजला आणि तो फाटक उघडायला निघाला.

बाळा डाव्या पायानं लंगडत होता.

लिंप म्हणजे काय हे मीच त्याला शिकवलं होतं. दुखऱ्या पायावर टेकायचं न टेकायचं आणि सगळं ओझं चांगल्या पायावर. त्याचा चांगला पाय डावा. तो त्यावर टेकत न टेकत होता आणि प्रत्येक पावलाला, सबंध देहाचा भार, दणकन, त्या सडलेल्या उजव्यावर घेत होता. अगदी बरोबर. मी शिकवलं तसंच. फाटकापर्यंत अकरा पावलं. कट झाला. कुणीतरी म्हणालं, वन मोअर. परत अकरा.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला आडोशाला गाठलं. "मूर्खा, पाय चुकला तुझा! उजवा, उजवा लंगडायचा!"

तो पायरीवर बसला होता. बूट काढला नव्हता. काढला तर परत घालता येणार नाही, म्हणाला.

पहिल्या दिवशी काय झालं ते त्यानं सांगितलं. दिग्दर्शकाच्या हाताखाली अपूर्वा नावाची मुलगी होती, मुलुंडची, गोड स्वभावाची. तिनं येऊन विचारलं, "काका, लिंप करायचंय, हॉबल नाही, फरक माहितेय ना? कुठला पाय घेऊ या? तुम्हाला कम्फर्टेबल असेल तो सांगा." असं विचारणारं माणूस या धंद्यात बाळाला पहिल्यांदा भेटलं होतं. आणि नितेश तिच्या शेजारी उभा होता.

"तोंडातून डावा गेलं, बाई."

"पण का?"

"उजवा म्हटलं असतं आणि जवळून कोणी बघितलं असतं तर? खोटं ते खोटं दिसतं, खरं ते खरंच दिसतं. नितेशला कळलं असतं ना." तो जमिनीकडे बघत होता. "आणि खरं सांगू? विचार केलाच नाही. वर्षभर एकच ध्यास, उजव्याकडे कोणाची नजर जाता कामा नये. उजवा शब्दच तोंडातून येईना."

"मग आता सांग. मी सांगते त्या मुलीला."

"आता नाही होत. एस्टॅब्लिश झालं."

एकदा चित्रात डावा पाय लंगडा दिसला की शेवटपर्यंत डावाच. नाहीतर दोन दिवसांचं काम परत करायचं, कुणाच्या डोक्यावर? मी तरी निघाले. अपूर्वा दहा पावलांवर होती, हातात शॉटची पाटी धरून कुणाशी तरी हसत बोलत होती. तिला सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं, हे मला आज छातीवर हात ठेवून सांगता येतं. पण मागे वळून पाहिलं तर बाळानं हात जोडले होते. अठ्ठावीस वर्षांत मिळालेली पहिली दोन वाक्यं त्या जोडलेल्या हातांत होती. मी परत फिरले. तो बंगला सोडून स्टेशनपर्यंत मी जी चालत गेले, त्याला वहीतल्या सगळ्या शब्दांत एकच लागू होता, आणि त्यापुढे बाळानं 'बाबा' लिहिलेलं होतं.

घरी आल्यावर वनमालेला सांगितलं. ती माझ्यावर धावून आली. "तुम्ही बघून परत इलात? परत इलात, बाई?" त्या संध्याकाळी तिनं दार आतून लावून घेतलं आणि दोघांचं भांडण पॅसेजला ऐकू गेलं. सकाळी तो गेलाच. चौथा दिवस, पाचवा, सहावा. सातव्या दिवशी जिन्यात त्याच्या बुटाचा ओला ठसा मी पाहिला. तो पाण्याचा नव्हता.

आठव्या दिवशी दुपारी मी कणीक मळत होते. फोन वाजला. मी करंगळीनं स्पीकर चालू केला.

"बाई, लवकर सांगा, लायटिंग चाललंय. लर्च म्हणजे काय? वहीत नाही तो."

तुम्हाला खोटं वाटेल, पण मला आनंद झाला. एकतीस वर्षांची खोड. चांगला शब्द आला की माझं भान सुटतं. "लिंप नव्हे हं, स्टॅगरही नव्हे," मी सुरू झाले. "स्टॅगरमध्ये माणूस या बाजूला त्या बाजूला झुलत राहतो. लर्च एकदाच, अचानक. सबंध अंग एका बाजूला फेकल्यासारखं जायला हवं. तोल गेलाच आहे, पडणारच आहे, असं बघणाऱ्याला वाटायला पाहिजे. सगळं ओझं एका पायावर, झोकून."

"एका पायावर. झोकून," त्यानं म्हटलं. वहीत लिहिताना म्हणायचा तसं.

"हां. अर्धवट करू नकोस, नाहीतर ते नुसतं अडखळणं दिसेल."

"बरं, बाई."

फोन बंद झाला. मी कणकेला तेलाचा हात लावला, वर ताट झाकलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की कुठल्या पायावर हे मी त्याला विचारलंच नव्हतं. मी लगेच फोन लावला. बंद होता. शॉटच्या वेळी बंद करायला लावतात. मी नऊ वेळा लावला. मग वनमालेच्या दारावर थापा मारल्या आणि आम्ही दोघी रिक्षानं निघालो. हायवेला रिक्षा हलेना. वनमाला एकदाच बोलली. "आमका उशीर झालो," एवढंच.

आम्ही पोचलो तेव्हा बाळा फाटकाबाहेर कट्ट्यावर बसला होता. साहेबी ऐटीत, एक हात मांडीवर. शॉट झाला होता. गाडीमागे तो निघाला आणि झोकून दिलं. पडला, खडीवर, तोंडावर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शकानं स्वतः हात देऊन उठवलं आणि पाठीवर थाप मारली. बाळानं दात काढून दाखवले आणि डाव्या पायानं लंगडत, लंगडत, बाहेर आला. कुणाला संशय आला नाही.

"एका टेकमध्ये ओके," तो म्हणाला. मग वनमालेकडे बघून हळूच म्हणाला, "गो, माका उठव."

बूट कापून काढावा लागला. ते वर्णन मी करणार नाही. तिसऱ्या दिवशी बोटं काळी पडली, ताप चढला, तो बडबडायला लागला. सरकारी हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर बिचारे चांगले होते. त्यांनी जान्हवीला बाजूला घेऊन सांगितलं, गुडघ्याखाली काढू, थांबलात तर गुडघाही राहणार नाही. जान्हवीनं सही केली. नितेशचा एक फोन आला होता, त्याला बाळानं शुद्धीत असताना सांगायला लावलं होतं, साधा ताप आहे, चार दिवसांत येतो.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. त्यांच्या गावी मंदिरात गाऱ्हाणं घालायचा मान घाड्यांचा. बाळाचा आजा घालायचा, बाप घालायचा, बाळाही दोनदा गावी जाऊन घालून आला होता. बायकांनी घालायची रीत नाही. पण घरातला घाडी आत टेबलावर होता. वनमाला उठली, भिंतीकडे तोंड करून हात जोडले आणि पुटपुटायला लागली.

"बा देवा म्हाराजा... आज तुझ्या लेकराचो पाय डाक्टरांच्या हातात दिलो आसा, म्हाराजा..."

आणि थांबली. गाऱ्हाण्याला साथ लागते. प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं, तेव्हा ते देवापर्यंत पोचतं. जान्हवी औषधं आणायला गेली होती. त्या कॉरिडॉरमध्ये मी एकटी होते. मी देवाचं फारसं करत नाही. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

"जा काय चुकला-माकला आसात, ता पायाखाली घाल म्हाराजा..."

पायाखाली म्हणताना तिचा आवाज फाटला.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. चुकलंमाकलं कुणाचं होतं ते मला माहीत होतं.

बाळा जगला. तीन आठवड्यांनी घरी आला. खाटेवर बसून असतो. पॅसेजमध्ये त्याचं पाऊल वाजत नाही, आणि माझे कान मात्र संध्याकाळी आपोआप तिकडे लागतात. मी त्याची वही मागितली होती, मला ती फाडून टाकायची होती. त्यानं दिली नाही. उशीखाली ठेवली आहे. लर्च हा शब्द त्यानं शेवटच्या पानावर लिहिलाय. पुढे अर्थ लिहिला नाही, नुसतं 'एक टेक' लिहिलंय.

परवा सकाळी मी त्यांच्याकडे पेज घेऊन गेले होते. वनमालेचा फोन वाजला. नितेश. भांडी घासताना तिच्या हाताला राख लागली होती, तिनं स्पीकर लावून फोन खाटेवर ठेवला.

"वहिनी, बाळादा कुठाय? फोनच उचलत नाही यार. उद्या अर्धा दिवस पाठवा ना त्याला. ते वॉचमनचं पॅचवर्क आहे, एकच शॉट राहिलाय, फाटकापर्यंत चालायचंय. डिरेक्टर म्हणतो तोच माणूस पायजे. तसं लंगडणं दुसऱ्या कोणाला जमणार नाही."

बाळानं हातानं नको नको केलं. सांगू नको. अजूनही.

वनमालेनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. "त्यांचो पाय कापलो," ती म्हणाली. "महिनो झालो."

"काय सांगता वहिनी! अरे देवा. कुठला पाय?"

"उजवो."

"उजवा?" नितेशचा आवाज गोंधळला. "वहिनी, नीट सांगा ना. डावा असेल. लंगडत तर तो डाव्यानं होता. उजवा पाय एक नंबर होता त्याचा."

बाळाकडे माझं लक्ष गेलं. खाटेवर तो ताठ बसला होता आणि त्याचा चेहरा उजळला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं तरी उजळला होता.

"आयकलात, बाई?" तो म्हणाला. "कोणाक कळूक नाय."

वनमालेनं फोन बंद केला आणि खाटेवर, चादर जिथं सपाट पडली होती तिथं, डोकं टेकून हंबरडा फोडला. बाळानं तिच्या केसांवर हात ठेवला. पण बघत तो माझ्याकडेच होता, पॅसेजच्या टोकाला भिंतीला धरून उभा राहिला होता त्या दिवशीसारखा. मला वाटलं होतं, तो शब्द मी आता कुणालाही देणार नाही.

"शाब्बास, बाळा," मी म्हटलं.